लायनर काय सांगतो

जहाजाच्या मुख्य इंजिनात घातलेलं सिलिंडर ऑइल परत मिळत नाही. मोटारीच्या इंजिनात तेल खालून वर जातं, काम करून खाली येतं आणि तेच पुन्हा वर चढतं. मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन रॉड जिथून खाली उतरतो तिथे वरचा आणि खालचा भाग वेगळा ठेवणारा स्टफिंग बॉक्स असतो. त्याच्याखाली क्रँककेस आणि तिथलं सिस्टीम ऑइल, वर सिलिंडर आणि त्याचं वेगळं तेल. हे वरचं तेल लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या, भिंतीतल्या भोकांमधून मोजून आत सोडतात. रिंगा ते भिंतीवर पसरवतात, थोडं जळून चिमणीवाटे जातं, उरलेलं काळं होऊन स्कॅव्हेंज स्पेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या ताज्या हवेच्या पोकळीच्या, तळाशी उतरतं आणि ड्रेनमधून बाहेर पडतं. गेलं ते गेलं. त्यामुळे किती सोडायचं हा प्रश्न इंजिन फिरतं आहे तोवर रोज नव्याने उभा राहतो.

माझी समुद्रावरची बरीचशी वर्षं साठ सेंटिमीटर बोअरच्या इंजिनांवर गेली. सात सिलिंडर, अडीच मीटरच्या जरा आतला स्ट्रोक, मिनिटाला पंचाण्णवच्या आसपास फेरे आणि 12,000 किलोवॅट असं धरू. तेलाचं माप, म्हणजे फीड रेट, आम्ही एका किलोवॅट-तासाला किती ग्रॅम असं सांगतो. 1.2 ग्रॅमने दिवसाला साधारण 345 किलो तेल लागतं, 0.8 ने 230 किलो. रोजचा फरक 115 किलोचा. इंधनाखालोखाल इंजिन रूमचा मोठा खर्च हाच, म्हणून ऑफिसचा डोळा कायम त्यावर असतो आणि तो असावाही. पण हाच आकडा सिलिंडरच्या बाजूने पाहावा. 0.8 च्या हिशेबाने एका सिलिंडरच्या वाट्याला एका फेऱ्यामागे पाव ग्रॅम तेल येतं, म्हणजे पाच-सहा थेंब. तेवढ्या थेंबांनी साडेचार चौरस मीटर भिंत सांभाळायची, तीही ज्वाळेच्या शेजारी. इतक्या वर्षांनीही मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं.

त्या थेंबांवर कामंही अनेक. रिंग आणि लायनर यांच्यामध्ये पातळ पडदा धरायचा, वायू खाली निसटू द्यायचा नाही, काजळी धुऊन न्यायची आणि आम्ल मारायचं. यातलं शेवटचं काम सर्वांत फसवं. हेवी फ्युएलमध्ये गंधक असतं. ते जळून तयार होणाऱ्या वायूचा थोडा भाग वाफेशी मिळतो आणि भिंत पुरेशी गरम नसेल तर तिच्यावर सल्फ्युरिक आम्लाचं दव धरतं. म्हणून तेलात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने घातलेली असते. ती किती आहे हे बेस नंबरवरून, आमच्या भाषेत बीएनवरून कळतं. आता हिशेब बघा. एका किलोवॅट-तासाला 170 ग्रॅमच्या आसपास इंधन जळतं. तीन टक्के गंधक धरलं तर त्यात पाच ग्रॅम गंधक झालं. बीएन 70 चं एक ग्रॅम तेल 70 मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या ताकदीचं असतं. ते फार तर 61 मिलिग्रॅम सल्फ्युरिक आम्ल मारू शकतं, आणि तेवढ्या आम्लात गंधक असतं अवघं 20 मिलिग्रॅम. पाच ग्रॅमचा अडीचशेवा भाग! बाकीचं सगळं वायुरूपाने एक्झॉस्टमधून निघून जातं म्हणूनच इंजिन जगतं. भिंत थोडी थंड झाली आणि भिंतीवर धरणारा वाटा जरासा वाढला, की तेलाचं बळ बघता बघता संपतं.

मी ज्युनियर होतो तेव्हा लुब्रिकेटर यांत्रिक होते. कॅमशाफ्टकडून फिरणारी पेटी, प्रत्येक भोकासाठी छोटा पंप आणि काचेच्या नळीत एक पोलादी गोळी. पंपाने तेल ढकललं की गोळी उडी मारायची. वॉचवर उतरलो की सातही युनिटांच्या, म्हणजे सिलिंडरांच्या, गोळ्या पाहत जायचं, एखादी मरगळलेली दिसली की तिची लाइन तपासायची. या पेट्यांचा एक जन्मजात दोष होता. त्या फेऱ्यांच्या हिशेबाने तेल द्यायच्या, आणि इंजिनाची शक्ती फेऱ्यांच्या घनाने बदलते. फेरे निम्मे केले की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते, तेल मात्र निम्म्यावरच थांबतं. म्हणजे दर किलोवॅट-तासाला चौपट तेल. कालव्यात किंवा नदीमुखात जहाज तासन्‌तास सावकाश चाललं की स्कॅव्हेंज स्पेसमध्ये तेलाचा चिखल साचायचा, आणि स्कॅव्हेंजला आग लागायला तेवढं सामान पुरेसं असतं. 2000 च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक लुब्रिकेटर आले. ते चार-पाच फेऱ्यांतून एकदा, पिस्टन वर जात असताना नेमका रिंगांच्या मधोमध तेलाचा फवारा टाकतात आणि इंधनातल्या गंधकाच्या टक्केवारीवर फीड रेट बांधता येतो. मोठी सुधारणा होती ती. पण मशीनमध्ये कोणता आकडा भरायचा हे मशीन सांगत नाही.

ते सांगतो लायनर.

बंदरात इंजिन थंड झालं की स्कॅव्हेंज पोर्टमधून तपासणी करायची असते. स्टार्टिंग एअर बंद, इंडिकेटर कॉक उघडे, टर्निंग गिअर लावलेला, आतला ऑक्सिजन मोजलेला, परमिटवर सह्या झालेल्या. मग मॅनहोलमधून सरपटत आत जायचं. आत उकाडा असतो, गुडघ्यांखाली काळा चिकट थर, आणि बॉयलर सूट परत धुण्याच्या लायकीचा राहत नाही. बाहेरून फोर्थ इंजिनिअर टर्निंग गिअरने पिस्टन इंचाइंचाने उतरवतो आणि पोर्टच्या फटीतून एकेक रिंग समोर येते. लाकडी काठीने ती दाबायची. दाबली जाऊन परत बाहेर आली तर मोकळी आहे. हलली नाही तर खाचेत कार्बनने चिकटली आहे. रिंगेचा पृष्ठभाग ओलसर आणि एकसारखा करडा दिसला की बरं वाटतं. उभे ओरखडे दिसले, कड धारदार लागली, कोरडा काळा पट्टा दिसला तर तिथेच थांबून नीट पाहावं. मग पिस्टन वर नेऊन बॅटरीच्या उजेडात लायनर पाहायचा आणि शेवटी पिस्टन खाली आणून त्याचा माथा आणि पहिल्या रिंगेच्या वरची कड. त्या कडेला आम्ही टॉपलँड म्हणतो. माझ्या मते सगळ्या तपासणीतली सर्वांत बोलकी जागा तीच.

सेकंड इंजिनिअर असताना एका बल्क कॅरिअरवर मी असाच आत होतो. सोबत आमचे फिटर, दाभोळकडचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. कोकणातल्या किनारपट्टीवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर आहेत, चाचांचे वडीलही इंजिन रूममध्येच होते. तीन नंबर युनिटच्या लायनरवर त्यांनी बॅटरी फिरवली. भिंत आरशासारखी लखलखत होती. नव्या माणसाला ते दृश्य सुंदर वाटलं असतं. चाचा म्हणाले, “साहेब, एवढी चमक बरी नाय.” मग त्यांनी पिस्टनच्या टॉपलँडवर नख घासलं. पांढुरका, करडा, दगडासारखा कडक थर. पाण्याच्या हंड्याला आतून क्षार धरतो तसाच, आणि रसायन म्हणून पाहिलं तर दोन्हीकडे कॅल्शियमच.

ज्या तेलाला मारायला आम्ल उरलेलं नसतं, त्यातली चुनखडी अशी पिस्टनच्या कडेवर बसते. तो थर लायनरला घासतो, भिंतीवरचे बारीक खाचखळगे पुसून टाकतो, आणि ज्या खळग्यांत तेल धरून राहायचं तेच नाहीसे होतात. आरशासारख्या भिंतीवर तेल टिकत नाही. मग धातू धातूला भिडतो, क्षणभर वितळून चिकटतो, फाटतो. याला स्कफिंग म्हणतात, आणि ते एकदा सुरू झालं की रिंगा आणि लायनर दोन्ही जातात. त्या जहाजावर आधीच्या चीफ इंजिनिअरने सावधगिरी म्हणून फीड रेट बराच वर नेऊन ठेवला होता. हेतू चांगला होता. पण भिंतीवर ओरखडे दिसले म्हणून आणखी तेल, आणखी तेलामुळे आणखी थर, असं ते चक्र फिरत होतं. चीफ नवे आले होते, त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं. आम्ही तेल एकदम न तोडता 0.05 ग्रॅमच्या पायऱ्यांनी कमी करत गेलो, प्रत्येक पायरीवर थांबून ड्रेनचं तेल पाहिलं, आणि तो पिस्टन पुढच्या मोठ्या बंदरात वर काढून टॉपलँड साफ केला. काही महिन्यांनी भिंतीवर पुन्हा मंद करडा रंग आला.

याच अनुभवातून मला एक गोष्ट उमगली, जी पुस्तकात वाचूनही आधी पटली नव्हती. लायनरला थोडी आम्लाची झीज लागते. बिडाच्या भिंतीला आम्ल अगदी किंचित खातं, त्यातून पृष्ठभाग खुला राहतो, आणि त्या सूक्ष्म खळग्यांत तेल मुरतं. आम्लाला पूर्ण हद्दपार करणं हे ध्येय नाहीच. ते काबूत ठेवायचं.

उलट बाजूचा धडा नंतर, चीफ झाल्यावर, कंटेनर जहाजावर मिळाला. 2008 च्या मंदीनंतर स्लो स्टीमिंग आलं. जहाजं जास्त, माल कमी, इंधन महाग. शंभर फेऱ्यांसाठी बांधलेलं इंजिन साठ फेऱ्यांवर चालवायचं, म्हणजे शक्तीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर. इंधन भरपूर वाचलं, यात वाद नाही. पण लायनरच्या भिंती थंड पडल्या. जोडीला नव्या इंजिनांत कमी इंधनासाठी सिलिंडरमधला दाब वाढवत नेलेला, आणि दाब वाढला की आम्लाचं दव अधिक वरच्या तापमानालाही धरतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लायनरच्या वरच्या भागावर आल्या. कोल्ड कोरोजन हा शब्द त्या काळात प्रत्येक चीफच्या तोंडी होता.

कंपनीचा आदेश होता फीड रेट आणखी खाली आणा. शक्ती कमी म्हणजे तेल कमी, असं साधं गणित. मी ड्रेनच्या बाटल्या भरायला सुरुवात केली. प्रत्येक युनिटच्या ड्रेनवर नमुन्यासाठी छोटा कॉक असतो. आधी नळीतलं जुनं तेल सोडून द्यायचं, मग स्वच्छ बाटली लावायची आणि वर युनिट नंबर, लोड, फीड रेट, इंधनातलं गंधक लिहायचं. हे लिहिणं बाटलीइतकंच महत्त्वाचं. लोडची नोंद नसलेला नमुना निरुपयोगी असतो, मी असे कितीतरी नमुने फेकलेले पाहिले आहेत.

सुरुवातीला जहाजावरचं लोखंड मोजायचं यंत्र ठीकठाक आकडे दाखवत होतं. पण ते यंत्र चुंबकाच्या तत्त्वावर चालायचं. घासून निघालेलं लोखंड चुंबकाला दिसतं. आम्लाने खाल्लेलं लोखंड क्षार होऊन तेलात विरतं, ते त्याला दिसतच नाही. उरलेला बीएन मोजला तेव्हा चित्र उघड झालं. सत्तरने आत गेलेलं तेल काही युनिटांतून दहाच्याही खाली उतरून बाहेर पडत होतं. म्हणजे भिंतीवर कुठेतरी त्याचं बळ आधीच शून्यावर गेलेलं. किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेने एकूण लोखंड मोजून दिलं, ते आमच्या यंत्राच्या आकड्याच्या कित्येक पट निघालं. अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन मात्र कमी होते, म्हणजे इंधनातल्या कॅट फाइन्सवर, रिफायनरीतून येणाऱ्या कडक कणांवर, खापर फोडायला जागा नव्हती. आमचे प्युरिफायर नीट चालले होते.

पुढच्या बंदरात पाच नंबर युनिट उघडलं. लायनर मोजायला आतला मायक्रोमीटर आणि भोकं पाडलेली पट्टी लागते, म्हणजे दर वेळी त्याच उंचीवर, जहाजाच्या लांबीच्या आणि रुंदीच्या दिशेने माप घेता येतं. मायक्रोमीटर आधीपासून लायनरजवळ ठेवायचा, दोघांचं तापमान एक झाल्याशिवाय माप घ्यायचं नाही. चांगला लायनर हजार तासांना 0.1 मिलिमीटरच्या आतच झिजतो. इथे वरच्या भागात त्याच्या तिपटीहून जास्त झीज होती, आणि ती गोलही नव्हती. तेलाच्या भोकांच्या समोर कमी, दोन भोकांच्या मध्ये जास्त, त्यामुळे बोअरचा आकार पाकळ्यांसारखा झालेला. भोकातून निघालेलं तेल शेजारच्या भोकाच्या हद्दीपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचं बळ संपत होतं. तो आकार बोटांनी चाचपडून कळत होता. मी थर्ड आणि फोर्थ इंजिनिअरला एकेक करून आत बोलावून भिंतीवरून हात फिरवायला लावला. आकडे ते वहीत उतरवून घेतीलच, पण हा स्पर्श एकदा व्हायलाच हवा होता.

मग कंपनीच्या सुपरिंटेंडेंटशी फोनवर लांबलचक बोलणं झालं. त्यांची बाजू खर्चाची होती, माझी लायनरची. मी मागणी एवढीच केली, की इंजिनाच्या मेकरने सुचवलेली स्वीप टेस्ट करू द्या. गंधक भरपूर असलेल्या इंधनावर, लोड स्थिर ठेवून, फीड रेट 1.4 पासून 1.2, 1.0, 0.8, 0.6 असा उतरवत न्यायचा, प्रत्येक टप्प्यावर एक दिवस, आणि दर टप्प्याला सगळ्या युनिटांचे नमुने. त्यांनी परवानगी दिली. मलाक्काच्या पश्चिमेला, शांत समुद्रात, आम्ही ती केली. बीएन 70 च्या तेलाने 1.2 च्या खाली गेलं की लोखंड झपाट्याने चढत होतं. त्याच हिशेबावर सिंगापूरला बीएन 100 चं तेल घेतलं, जॅकेटच्या पाण्याचं तापमान मेकरने दिलेल्या वरच्या मर्यादेजवळ नेलं, आणि तेव्हा 0.9 च्या आसपास आकडे शांत झाले. शेवटी लिटरही कमी झाले आणि लायनरही वाचले. दर लिटरला महाग असलेलं तेल इथे स्वस्त पडलं. युनिटा-युनिटांतही फरक राहिलाच. दोन युनिटांना कायम थोडं जास्त द्यावं लागायचं, आणि तसं द्यायची सोय त्या लुब्रिकेटरमध्ये होती.

1 जानेवारी 2020 पासून जगभर इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. काही किनाऱ्यांवर तर ती 2015 पासूनच 0.1 टक्का होती. आम्ल कमी झालं म्हणून बीएन 40 ची तेलं आली, आणि लगेच नवी तक्रार सुरू झाली. तेलात चुनखडी कमी म्हणजे बऱ्याच तेलांत धुण्याची ताकदही कमी. रिंगा चिकटू लागल्या, खाचा कार्बनने भरू लागल्या. आता मेकर जास्त धुणारी तेलं सुचवतात, काही जण मधूनमधून बीएन 100 चं तेल चालवून खाचा साफ करून घेतात. इंधन बदललं, प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागला, आणि उद्या मिथेनॉल, अमोनिया सर्रास वापरात आले की परत लागेल.

सध्या मी मुंबईत वरच्या श्रेणीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना शिकवतो. त्यांना फीड रेटची सूत्रं पाठ असतात, ती हवीतच. पण त्यांतल्या बऱ्याच जणांनी स्कॅव्हेंज स्पेसमध्ये पुरता तासही काढलेला नसतो. बंदरात जहाज थांबतं कमी, कागद भरायचे जास्त, आणि तपासणीचे फोटो फिटरकडून काढून घेऊन ऑफिसला पाठवले की काम झालं असं मानलं जातं. फोटोत चमक दिसते. ती आरशाची की निरोगी भिंतीची, हे आत गेल्याशिवाय कळत नाही. मुलांनो, चीफ सांगेपर्यंत थांबू नका. स्वतः मागून आत जा, काठीने रिंग दाबा, टॉपलँडवर नख घासा, बाटलीवर लोड लिहा.

आणि कंपन्यांच्या टेक्निकल विभागांना एकच विनंती. महिन्याच्या अहवालात सिलिंडर ऑइलचे लिटर एका पानावर आणि लायनरची झीज वर्षभराने भलत्याच फाइलमध्ये, हे बंद करा. लिटर, ड्रेनमधला उरलेला बीएन, एकूण लोखंड आणि शेवटची लायनरची मापं, युनिटनिहाय, एकाच तक्त्यात शेजारीशेजारी मागवा. चीफने तेल वाढवलं किंवा कमी केलं तर तो तक्ता समोर ठेवूनच त्याला जाब विचारा.